काकांची काटकसर आणि माझं बिल

विश्रांतवाडीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दोन मशीनं, एक इस्त्री, दोन ट्यूब, एक पंखा, एवढाच पसारा. शेजारच्या गाळ्यात दूध-दह्याचं दुकान. ते चालवणारे काका जन्मापासून पेठेत राहिलेले. मुलाने इकडे फ्लॅट घेतला म्हणून आले. पण "पुण्यात जाऊन येतो" असं अजूनही म्हणतात, जणू विश्रांतवाडी परगावी आहे.

मी वर्ध्याची. आमची ओळख झाली तीच विजेवरून. दुकान उघडल्यावर चार दिवसांत पंखा बंद पडला, तशी मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं, "काका, तुमच्याकडची लाइन गेली का?"

"आमच्याकडे लाइन कधी लागलीच नाही," ते म्हणाले, "तर जाईल कुठून?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. आमच्याकडे लाइन जाते, पुण्यात दिवे जातात.

त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतले मीटर बदलले. जिन्याखालच्या फळीवर नवे कोरे मीटर बसले, प्रत्येकाखाली गाळ्याचा नंबर रंगवला गेला. आणि पुढच्या महिन्यात माझं बिल नेहमीच्या तिप्पट आलं. मला वाटलं, लग्नसराई आहे, मशीन जास्त चाललं असेल. त्याच्या पुढच्या महिन्यात ते आणखी फुगलं.

त्याच दिवशी काका स्वतःचं बिल हातात नाचवत माझ्या दारात आले. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बघा. याला म्हणतात काटकसर."

काटकसर मी रोज पाहतच होते. उन्हाळा लागल्यापासून काकांनी दोन्ही फ्रीजवर करडी नजर ठेवली होती. गिऱ्हाइकाने आधी काय हवं ते ठरवायचं, मग काका दार उघडणार. "काय काय आहे?" असं कुणी विचारलं की काका डोळे मिटून आतल्या वस्तू क्रमाने म्हणून दाखवत. दार उघडलं की हात आत, वस्तू बाहेर, दार बंद. एका आयटीतल्या पोराने आइस्क्रीमचा फ्लेवर बदलून मागितला, तर काका म्हणाले, "आता उद्या."

माझं बिल पाहून त्यांनी लगेच माझ्या दुकानाची तपासणी केली. "दोन ट्यूब कशाला? तुम्हाला डोळे किती? आणि ही इस्त्री. ही खाते तुम्हाला."

मी ऐकलं. ऐकणार नाही तर काय, त्यांचं बिल बोलत होतं. एक ट्यूब बंद केली. इस्त्री दिवसातून एकदाच लावायची ठरवली. पंखा तर इतका हळू ठेवला की त्याच्या पात्यांवरची धूळ मला मोजता आली असती. आणि अशाच अर्धवट उजेडात एका नवरीच्या वांगी रंगाच्या ब्लाउजला मी चॉकलेटी दोऱ्याने हातशिलाई केली.

नवरीची आई ब्लाउज घेऊन दारातल्या उजेडात गेली आणि तिथेच थांबली.

"हे काय आहे?"

"सध्या अशी फॅशन आहे," मी चाचरत म्हटलं.

"असेल. तुमच्याकडेच ठेवा."

सगळं उसवून पुन्हा शिवलं. त्यानंतर जे बिल आलं ते आधीच्या दोन्हींपेक्षा मोठं. आता मात्र माझं डोकं फिरलं. बिल पर्समध्ये कोंबलं आणि वीज कार्यालय गाठलं.

खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी बिल पाहिलं, मग मला पाहिलं.

"एसी लावलाय?"

"नाही हो. ब्लाउज शिवते मी."

"मग लावून टाका. बिल तर येतंच आहे."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांचा आवाज उतरला. "असं करा. दुकानातलं मेन स्विच बंद करा आणि मीटर बघा. लाल दिवा तरीही लुकलुकत असेल, तर परत या. मी माणूस पाठवतो."

दुपारी दुकानात येऊन मी मेन स्विच खाली केलं आणि जिन्याखाली गेले. माझ्या नंबरच्या मीटरवर लाल दिवा आपला लुकलुक लुकलुक, नुसता वेडावून दाखवत होता. संतापाने मी त्याच्या खालचा खटका ओढला. दिवा विझला. त्याच क्षणी शेजारून आवाज आला.

"दिवे गेले!"

मी खटका वर केला. काकांच्या फ्रीजची घरघर सुरू झाली. खाली केला, घरघर बंद. एव्हाना काका फोन कानाला लावून दारात आले होते. मी जिन्याखाली, त्यांना दिसत नव्हते.

"हॅलो, दिवे गेलेत आमचे," ते सांगत होते. मी खटका वर केला. "आले. थांबा." मी खाली केला. "नाही, गेले. अहो मी चेष्टा करत नाहीये, तुमचे दिवे करतायत!"

खरं सांगायचं, एकदा पुरे होतं. नंतर दोन-तीन वेळा मी ते चॉकलेटी दोऱ्याची आठवण ठेवून केलं.

शेवटी खटका खालीच ठेवून मी दुकानात गेले आणि मेन स्विच वर केलं. माझा पंखा गरगर फिरायला लागला. माझं मीटर बंद, आणि माझा पंखा चालू! मी काकांना हाताला धरून आत आणलं, पंखा दाखवला, मग जिन्याखाली नेलं. मीटर बसवताना आमच्या दोघांच्या वायरींची अदलाबदल झाली होती. त्यांचे फ्रीज माझ्या मीटरवर पळत होते आणि माझी मशीनं त्यांच्या.

"शक्य नाही," काका म्हणाले. "माझं बिल काटकसरीने कमी झालंय."

मी खटका वर केला. फ्रीज घरघरले. काका दुकानात गेले. थोड्या वेळाने मी डोकावले, तर ते मोठ्या फ्रीजचं दार सताड उघडून त्याच्यासमोर उभे होते. काही काढत नव्हते, काही ठेवत नव्हते.

"काका, तुमची काटकसर खोटी नव्हती," मी म्हटलं. "फक्त माझ्या बिलात होती. नाहीतर मला याहून जास्त आलं असतं."

"आणि तुम्ही अंधारात शिवून केलीत ती माझ्या बिलात." त्यांनी दार लावलं. "समजूत काढू नका. ब्लाउज शिवा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून माझ्याबरोबर कार्यालयात आले. खिडकीशी त्यांनी मला बाजूला केलं. "आपण यांना एसी लावायला सांगितलंत म्हणे. यांच्या एसीचं बिल मला आलं असतं, याची आपल्याला कल्पना आहे का?" खिडकीतले गृहस्थ मनापासून हसले, आणि माणूस खरोखर त्याच आठवड्यात आला. वायरी जागच्या जागी गेल्या. माझे जादा भरलेले पैसे पुढच्या बिलांतून वळते झाले, आणि काकांना त्यांचं खरं बिल आलं.

आमच्या दोन गाळ्यांमध्ये प्लायवूडची भिंत आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं. ऐकायचं नसलं तरी. त्या रविवारी काकांचा मुलगा आला होता. तेव्हा मला कळलं की तो कधीपासून दुकान बंद करा म्हणून मागे लागला होता. या वयात दगदग कशाला, मिळतं त्यातलं निम्मं वीजच खाते, असं त्याचं म्हणणं. काकांनी फ्रीजवर पहारा बसवला होता तो त्याच्यासाठी. ते छोटं बिल ते मला दाखवत होते, पण दाखवायचं होतं त्याला.

"बाबा, हे बघा किती आलंय," मुलगा म्हणाला.

"मोठं आहे," काका म्हणाले. "पण माझं आहे. दुकान चालू राहील."

पुढे मुलगा बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. मी मशीन सुरू केलं. त्याहून जास्त ऐकणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. आइस्क्रीमचा मोठा फ्रीज बाहेर पायरीवर आणून ठेवला होता आणि काका त्याची काच पुसत होते. आता फक्त दूध, दही, ताक आणि तूप ठेवणार, म्हणाले. त्याला एक फ्रीज पुरे.

"तुमच्या वर्ध्याला घेईल का हो कुणी हा?"

"घेतील की काका. पण भाव करतील."

त्यांनी फडकं झटकलं. "मग राहू दे," म्हणाले.