पांढरकवड्यावरून उडताना

नागपूर ते हैदराबाद विमानाला जेमतेम दीड तास लागतो, हे माझ्या धाकट्या जावेनं इतक्यांदा ऐकवलं होतं की माझा जीव नुसता जळायचा. ती नागपूरची, मुलगा हैदराबादला. आधी कारनं जायची, तेव्हा वाटेत पांढरकवड्याला आमच्याकडे जेवल्याशिवाय तिचं पाऊल पुढं पडत नसे. विमानाची चटक लागली आणि आमचं दार तिला दिसेनासं झालं.

तिच्या नातवाच्या बारशाला मीही हट्टानं विमानाची तिकिटं काढायला लावली. तिला कळू दिलं नाही. उतरल्यावर तिचं तोंड बघायचं होतं.

नवरा म्हणाला, “अवं, हैदराबाद समोर हाये, तू मागं नागपूरले कायले चालली?”

सकाळीच उलटं नागपूर गाठलं, विमान लांबलं म्हणून विमानतळावर दुपार टळेपर्यंत ताटकळलो आणि खिडकीतून आपलंच गाव शोधत पुन्हा त्याच वाटेनं उडालो.

हैदराबादला तिच्या मुलाच्या दारात जाऊ आधीच उभी, हातपाय धुऊन ताजीतवानी.

“बाई, आज कारनंच आलो. म्हटलं, विमानात काय ठेवलं हाये, तुमच्या हातचं जेवू. तर घराले कुलूप!”

विमानात बसूनही मी तिच्या मागंच पोचले होते.