न्हाणीघरातला सूडु

सोलापूर स्टेशनवर चेन्नईची गाडी उभी होती आणि आईने खिडकीच्या गजांतून माझं मनगट घट्ट धरलं होतं. "नव्या घरात आधी विस्तवाशी ओळख करून घे," ती म्हणत होती. "माणसं मागून होतात." मी तेव्हा अडतीस वर्षांची, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, गल्लीतल्या सगळ्यांचे स्टोव्ह दुरुस्त करणारी. मी हसले. आईचं बोलणं अर्धंच खरं होतं, पण कुठलं अर्धं ते कळायला मला आठवडा लागला.

ह्यांना गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नोकरी होती. लेकीच्या, मंजूच्या शाळेसाठी बिऱ्हाड केलं चेन्नईतल्या वेस्ट मांबलमला. हे पहाटे निघायचे ते दिवेलागणीला परत. घर बरं होतं. फक्त न्हाणीघरात भिंतीला एक पांढरा पत्र्याचा डबा टांगलेला, खालून नळ्या लोंबणारा, पोटाला एक काचेचा डोळा. घरमालक "गॅस बॉयलर" एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

सोलापूरला आमचा बंब अंगणात असायचा. तुराट्या खायचा, धूर ओकायचा, रुसला तर अख्ख्या गल्लीला कळायचं. हा नवा गडी अवाक्षर काढत नव्हता. नळ सोडला, बटणं फिरवली, सिलिंडर हलवून पाहिला. तासाभराने खालच्या झाकणाआड दोन गंजलेले सेल सापडले. मंजूच्या टेपमधले काढून बसवले, नळ सोडला. टक टक टक, आणि भप्प! काडी नाही, धूर नाही, नुसती निळी ज्योत.

"बघ मंजे, तुझी आई," मी म्हटलं.

"आणि माझा टेप?" तेरा वर्षांची मंजू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंबुजाक्का कॉफी घेऊन आल्या. कैक पिढ्या तंजावरला काढलेलं मराठी घराणं. त्यांची मराठी मला नाटकातल्यासारखी वाटायची, आणि तमिळच्या सवयीने शब्दांना शेवटी एक 'उ' चिकटलेला. त्यांनी न्हाणीघरात डोकावून पाहिलं. हसणं थांबलं.

"ह्या खोलींत सूडु बसतो हो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. मग वरच्या झरोक्याकडे बोट केलं. "आधीची बाई चार महिन्यांत गेली."

तमिळ बाईने म्हटलं असतं तर मी अर्थ विचारला असता. पण मराठी बाई बोलली. मी तो 'उ' शेपटीसारखा छाटला आणि उरलेलं पक्कं कळलं. इथे सूड बसतो. झरोक्यातून येतो. आधीची बाई गेली.

मी अंधश्रद्धाळू नव्हते, हे मी स्वतःला दिवसभर सांगत होते. संध्याकाळी दारावर लिंबू-मिरची बांधली. मग स्टुलावर चढून, सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तो झरोका चिकटपट्टीने बंद केला. मंजूला कारण सांगितलं डासांचं.

त्यानंतर घरात काहीतरी बिनसलं. अंघोळ करून आलं की माझं डोकं ठणकायचं. ह्यांना मळमळायचं, ते कारखान्याच्या कँटीनला नावं ठेवायचे. चौथ्या दिवशी झरोक्यापाशी राहणारी पाल फरशीवर उताणी पडलेली सापडली. आमच्याकडे मनात शंका आली की पाल चुकचुकते म्हणतात. इथे पालच गप्प झाली होती, आणि मी तिला सुपलीत भरून बाहेर टाकलं, वर चिकटपट्टीचा आणखी एक थर दिला. ज्योतही आता निळी राहिली नव्हती, पिवळी पडून थरथरायची. मी वाटीभर मीठ बॉयलरखाली ठेवलं. कार्बन मोनॉक्साइडचं सूत्र मी परीक्षेत बरोबर लिहिलेलं, मार्कही मिळालेले.

शुक्रवारी मंजू केस धुवायला गेली. न्हाणीघरात गाणं म्हणायची तिची सवय. मी इडल्या काढत होते. एक कडवं झालं, दुसरं अर्ध्यावर थांबलं. पाणी पडत होतं, आत ती जळण्याची घरघर चालू होती, गाणं नव्हतं.

"मंजे?"

पाणी पडतच राहिलं.

मी दार बडवलं. आतून कडी. तेवढ्यात झरोक्यालगतच्या बाहेरच्या जिन्यावरून अक्कांचा आवाज आला. त्या गच्चीत कपडे वाळत घालायला निघाल्या होत्या आणि त्यांना तो पुठ्ठा दिसला. मंजूच्या नावाने माझा आरडाओरडा त्यांनी ऐकला होता. कपड्यांच्या काठीने त्यांनी बाहेरून पुठ्ठा भोसकला, एकदा, दोनदा, फाटेपर्यंत. मी खांद्याने दार रेटत होते. तिसऱ्या धक्क्याला कडीचे स्क्रू निघाले. मंजू बादलीला टेकून बसलेली, मान छातीवर. तोवर अक्का धावत आत आल्या. नळ बंद करून आम्ही दोघींनी तिला चादरीत ओढत व्हरांड्यात आणलं. अक्का तिच्या गालांवर चापट्या मारत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती ओकली आणि म्हणाली, "आई, डोकं."

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत तिला ऑक्सिजनवर ठेवलं. घरी आल्यावर मी अक्कांना विचारलं, "कोणाचा सूड होता तो?"

त्यांनी वाफाळता कॉफीचा पेला माझ्या तळहातावर टेकवला. मी हात मागे घेतला.

"हें," त्या म्हणाल्या. "सूडु. तमिळांत गरम. म्हणून ते भोंक आहे, वेडे."

"आणि आधीची बाई?"

"तांबरमला राहायला गेली."

बॉयलर दुसऱ्या दिवशी बाल्कनीत गेला. माझ्या न्हाणीघराच्या झरोक्याला आजही काच नाही. पाऊस आत येतो, मी पुसते. सोलापुरात राहिलेल्या बहिणी अजून विचारतात, परत कधी येणार. काय सांगू? तिथे माझा बंब होता. इथे मी आत ओरडले तर जिन्यावरून काठी घेऊन कोणीतरी आलं. त्या दिवसापासून हेच घर.

गेल्या आठवड्यात मंजूच्या मुलीने परदेशातल्या नव्या फ्लॅटमधून फोटो पाठवला. भिंतीला पांढरा डबा, पोटाला काचेचा डोळा. "आजी, हा कसा लावायचा?"

मी विचारलं, खिडकी उघडते का? ती म्हणाली, रंगाने चिकटून बसलीय, पण इथे अलार्म असतो.

"शेजारी कोण राहतं गं?"

"माहीत नाही. इथे कोणी कोणाला विचारत नाही."

"मग बॉयलर राहू दे," मी म्हटलं. "आधी जाऊन त्यांचं दार वाजव."