अडकणारी पट्टी

आमच्या ह्यांना कुरकुरणारी वस्तू सहन होत नाही. माणूस कुरकुरलेला चालतो, नाहीतर माझ्याबरोबर बत्तीस वर्षं निघाली नसती. पण दार कुरकुरलं की यांचं डोकं उठतं. कुणाकडे गेलो की चहा यायच्या आत हे बिजागरीपाशी. एकदा दवाखान्यात बसल्या बसल्या यांनी बाकाचा हलणारा पाय घट्ट करायला घेतला आणि नंबर आला तेव्हा हे बाकाखाली. कंपाउंडर हाका मारतोय, हे खालून म्हणतायत, झालंच, झालंच. मी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत बसले, जसा काही हा माणूस माझा कुणी लागतच नाही.

यांचा धंदा वाद्यं दुरुस्त करण्याचा. गल्लीत पेटीवाले म्हणतात, पण नुसत्या पेट्याच येतात असं नाही. फुटलेली गिटार, दम लागलेलं अकॉर्डियन, चेपलेला ट्रम्पेट, जे येईल ते. आमची पुढची खोली अर्धी यांची, अर्धी माझी. मी पडदे शिवते. मधे जमिनीवर मी खडूने रेघ मारलीय आणि दर सोमवारी ती नव्याने मारावी लागते, कारण शनिवारपर्यंत यांचे स्क्रू माझ्या मशीनच्या पायाशी येऊन बसलेले असतात.

अशा माणसाकडे बारकीने तिच्या शाळेतली पायपेटी पाठवली. पुढचं सगळं त्यातच आलं.

बारकी माझ्या बहिणीची मुलगी. नाव बारकीच राहिलं, पण आता आमच्या दारातून वाकून आत येते. लांबच्या गावी नोकरी करते आणि रिकाम्या वेळात कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. त्या गेममध्ये एक गाव आहे. तिथे शेती करायची, मासे पकडायचे, घर बांधायचं. खेळणारे आपापल्या घरी बसलेले, पण त्या गावात सगळे एकत्र. खरी शेती का नाही करत, असं मी विचारलं, तर म्हणाली, मावशी, ऊन लागतं. तर त्या गावात वाजवायला नुसती एक बासरी आणि एक ढोल. मात्र हौशी लोकांना आपल्याला हवी ती वस्तू बनवून गेममध्ये घालता येते, त्याला मॉड म्हणतात. बारकीला पायपेटी घालायची होती. नुसतं चित्र नाही, कीबोर्डवर बोट ठेवलं की खराखुरा सूर यायला हवा. त्यासाठी खऱ्या पेटीचा एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करून त्यांचा संच करावा लागतो.

पेटी होती तिच्या गाण्याच्या वर्गातली. शाळेने गाण्याची खोली बंद केली आणि पेटी भंगारात निघाली. गाण्याच्या बाई केव्हाच निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेल्या. तिथे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, पेटी चढणार कशी आणि मावणार कुठे? तेव्हा बारकीच्या वर्गातल्या चौदा जणांनी ठरवलं की पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सगळ्यांनी त्या गेममधल्या गावात जमायचं. बाईंना नातू कॉम्प्युटरपुढे बसवणार होता.

"काका, बाईंनी पहिला सूर दाबला की त्यांना कळलं पाहिजे, ही आपलीच पेटी," बारकी फोनवर म्हणाली. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

हे म्हणाले, बघतोच.

टेम्पोतून पेटी उतरली तेव्हा तिचे हाल बघवत नव्हते. पायाखालची फळी दाबली की कण्हायची. भात्याला भोक. आणि मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी अशी फुगलेली, की जोरात दाबली तर खालीच अडकून बसायची. कुणीतरी बोटाने वर उचलेपर्यंत तो एकच सूर आपला चालू. हे सगळं बघून यांचा चेहरा इतका खुलला, की लग्नात माझ्याकडे बघूनही खुलला नव्हता.

मी आपलं म्हणून बघितलं, की पोरीने रेकॉर्ड करा सांगितलंय, दुरुस्त करा नाही. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्यांना खरकट्या ताटात वाढा म्हणाले. पुढचे नऊ दिवस हे पेटीच्या पोटात. भात्याला नवं चामडं लागलं, फळीला तेल मिळालं, आणि त्या पट्टीची फुगलेली कड यांनी पॉलिशपेपरने घासून घासून सपाट केली. पट्टी लोण्यासारखी चालायला लागली. मीही कौतुक केलं, खोटं कशाला बोलू.

मग रेकॉर्डिंग. सदतीस पट्ट्या, प्रत्येक पट्टी तीनदा. शेजारी पत्रेवाला. तो दुपारी दोन ते साडेतीन झोपतो, तेवढीच काय ती शांतता. खोलीत आवाज घुमतो म्हणून यांनी माझ्या ऑर्डरचे चौदा जाड पडदे चारी बाजूंनी टांगले आणि मधे पेटी घेऊन बसले. नेमकी त्याच वेळी पडद्यांची मालकीण आली. मी म्हटलं, झालं, ऑर्डर गेली. तर ती बाई पडद्यांभोवती एक फेरी मारून म्हणाली, चुण्या छान पडल्यात हो, आणि आतल्या माणसाबद्दल एक शब्द विचारला नाही. तिसऱ्या दुपारी एकोणतिसाव्या पट्टीला मला शिंक आली. हे काही बोलले नाहीत, नुसतं पुन्हा एकपासून सुरू केलं. बत्तीस वर्षांत मला एवढं कुणी बोललेलं नाही.

कॉम्प्युटरवरची कामं बारकीने फोनवरून शिकवली. सुराच्या आधीची शांतता बारीक कापून टाकायची, नाहीतर बोट आत्ता आणि सूर मग, असं होतं. सुराचा मधला तुकडा घेऊन त्याचं शेपूट त्याच्याच डोक्याला जोडायचं, म्हणजे बोट असेपर्यंत सूर फिरत राहतो. मला वाटलं, हे कंटाळून सोडून देतील. पण हे म्हणाले, सूर लावायला पेटीची पितळी पाती घासतो तसंच आहे, फक्त भुसा पडत नाही. आठवड्याभरात सदतीस सूर नंबर टाकून तयार झाले आणि पाठवले. रविवारला अजून अडीच आठवडे होते. हे दोन दिवस शीळ घालत हिंडत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बारकीचा फोन. काका, फार सुंदर झालंय, म्हणाली. स्वच्छ आहे, म्हणाली. मग एकदम, तिकडे पाऊस कसाय, म्हणाली. मी तिला लंगोटात पाहिलेली बाई, मला का कळणार नाही? मी खोदून खोदून विचारलं. फोन स्पीकरवर होता आणि हे समोर स्क्रू निवडत बसले होते.

"मावशी, मला गाता येत नव्हतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं होतं सगळ्यांना. पोरं हसली. बाई म्हणाल्या, तू इकडे ये, माझ्या डाव्या बाजूला बस, ही पट्टी अडकते, ती तू उचलायची. पाच वर्षं मी ती पट्टी उचलली. प्रत्येक कार्यक्रमात मी स्टेजवर होते. माझ्याशिवाय गाणं पुढे जायचंच नाही. आता पेटीत माझं कामच उरलं नाही."

आम्हाला काय ठाऊक? शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला आम्ही जायचो, पोरगी पेटीशेजारी बसलेली दिसायची, आम्हाला वाटायचं बाईंची लाडकी असेल. मला एकदम भरून आलं. आणि लगेच यांचा राग आला, आणि त्याहून आपलाच, की लोण्यासारखी चालते म्हणून मीच मान डोलावली होती.

यांनी स्क्रूचा डबा बंद केला. फोनकडे तोंड करून म्हणाले, "दोन आठवडे आहेत ना? होईल."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, घासलेलं लाकूड परत कुठून आणणार? म्हणाले, माहीत नाही. हा शब्द मी यांच्या तोंडून धंद्याच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकला. आयुष्यभर या माणसाने बिघाड काढले. बिघाड घालायची वेळ कधी आली नव्हती, आणि सांगते, ते काम दुरुस्तीच्या चौपट कठीण. फळीचं तेल रॉकेलने धुऊन काढलं तर फळी कण्हायच्या ऐवजी किंचाळायला लागली. दोन दिवस तिला मनवण्यात गेले. पट्टीला कागद चिकटवून बघितला, तो दहा वेळा दाबल्यावर निघाला. बुचाची चकती लावली तर पट्टी मुळी खालीच जाईना. हे चिडचिडे झाले, जेवणात लक्ष नाही. एका सकाळी तर चक्क म्हणाले, मला बिघडवताही येत नाही नीट. मी म्हटलं, अहो, माझ्याकडे द्या, मला येतं.

पडद्याच्या वरच्या काठात आम्ही बक्रम घालतो, ते कडक पांढरं कापड. त्याचा नखाएवढा तुकडा कापून मी त्या पट्टीच्या कडेला चिकटवायला दिला. सुकल्यावर यांनी पट्टी हळू दाबली, वर आली. जोरात दाबली, अडकली. सूर चालू राहिला. आम्ही दोघं तो सूर ऐकत बसलो आणि आनंदाने एकमेकांकडे बघून हसत राहिलो. पत्रेवाला उठून बघायला आला, काय बिघडलं म्हणून. हे म्हणाले, बिघडलं एकदाचं.

बारकीला फोन लावून पट्टी ऐकवली. तिने डावीकडे थोडं, अजून सैल, हां, असं करत दोन तास आम्हाला नाचवलं. मग पुन्हा पडदे टांगले, पुन्हा दोन ते साडेतीन, पुन्हा सदतीस. अडकलेला सूर वेगळा, खूप लांब घेतला. मी त्या दिवसांत मिरचीची फोडणीसुद्धा घातली नाही. बारकीने तिकडे मॉडमध्ये सोय केली: ती पट्टी जोरात दाबली तर सूर चालूच राहील, आणि दुसऱ्या कुणीतरी डाव्या बाजूला उभं राहून तिचं बटण दाबलं तरच थांबेल.

तो रविवार. आम्ही दोघं जेवून लगेच कॉम्प्युटरपुढे. स्क्रीनवर हिरवं माळरान, मधे पायपेटी, भोवती चौदा बाहुल्या, खेळणाऱ्या प्रत्येकाची एक. बारकीची बाहुली पिवळ्या कोटातली. बाईंची बाहुली आली ती सरळ तळ्यात गेली. सगळ्यांचे माइक चालू, त्यामुळे नातू शिकवतोय, बाई त्याला रागावतायत, सगळं ऐकू येत होतं. दोनदा तळं, एकदा कुणाचं तरी कोबीचं शेत, आणि मग बाई पेटीपाशी पोचल्या.

पहिला सूर दाबला. फळी कण्हली. बाई थांबल्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ही इथे कशी?"

बाईंनी प्रार्थना सुरू केली. पोरं कसली, चाळिशीकडे झुकलेली माणसं, आपापल्या घरातून गायला लागली. दुसऱ्या ओळीला बाईंनी ती पट्टी जोरात दाबली आणि ती अडकली. सूर चालू. गाणं थांबलं. पिवळा कोट डाव्या बाजूलाच उभा होता, पण हलेना. मी इकडे खुर्चीच्या कडेला येऊन बसले, पोरीला बटण सापडत नसेल, काय काय मनात आलं. यांनी माझं मनगट धरलं.

"बारके," बाई म्हणाल्या, "पट्टी."

सूर थांबला. गाणं पुढे गेलं.

संपल्यावर एकच गलका. त्यात कुणीतरी बाईंना सांगितलं, की बारकीच्या काकांनी पेटी आधी झकास दुरुस्त केली होती आणि मग पुन्हा बिघडवावी लागली. बाई खूप हसल्या. म्हणाल्या, "त्यांना सांगा, मला कळतं ते दुःख. हेडमास्तरांनी एकदा कारागीर पाठवला होता. चांगला माणूस, पिशवी उघडून बसलासुद्धा. मी त्याला सांगितलं, पेटीला काहीही झालेलं नाही, तुम्ही जा. ती पट्टी नीट झाली असती तर मी या पोरीला कुठे बसवणार होते?"

यांचा हात माझ्या मनगटावरून सुटला. हे स्क्रीनकडे बघत म्हणाले, "तो कारागीर मीच. मला तेव्हा वाटलं, बाईंना कानच नाही."

पलीकडे बारकीची पिवळी बाहुली पेटीच्या डाव्या बाजूला बटण दाबून, पट्टी वर धरून तशीच उभी होती.

"बारके, पट्टी सोड आता," बाई म्हणाल्या. "पुढचं गाणं घ्यायचंय."