विमाधारक हयात आहे

बाबा गेल्यावर बँकेला पाठवलेल्या तक्रारीचं उत्तर ईमेलवर आलं, इंग्रजीत. मी एका कंपनीसाठी घरबसल्या ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते, त्यामुळे अशा पत्रात खरं वाक्य कुठे असतं ते मला ठाऊक आहे. सहानुभूतीचा परिच्छेद संपला की लगेच. तिथेच होतं. विमाधारक हयात असल्यामुळे दाव्याचा प्रश्न उद्भवत नाही.

विमाधारक म्हणजे मी.

जबलपुरातल्या मदन महलचा हा फ्लॅट घेताना कर्ज बाबांच्या आणि माझ्या नावावर काढलं होतं. हप्ते बाबाच भरायचे. कर्जासोबत बँकेने विमाही दिला होता. बाबांना काही झालं तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडेल आणि घर आमच्याकडे राहील, असं आम्ही तिघं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात विमा बाबांचा नव्हताच, एकट्या माझा होता. माझ्या पगारात हप्ता कसाबसा बसत होता. एखादं आजारपण किंवा नोकरी जाणं, की घर विकावं लागलं असतं. आईला मी हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही.

विमा देणारे बँकेतले काका मराठी होते, नागपूरकडून बदली होऊन आलेले. मराठी मंडळाच्या गणपतीत बाबांशी त्यांची ओळख झाली. जबलपुरात नवा मराठी माणूस भेटला की बाबा त्याला जेवायला बोलावल्याशिवाय राहत नसत. कर्जाच्या आणि विम्याच्या सह्या बँकेत झाल्याच नाहीत. आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या भाड्याच्या घरी, जेवणं उरकल्यावर झाल्या. घरी जेवलेल्या माणसासमोर त्यानेच आणलेला कागद उलटसुलट करून वाचणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चष्मासुद्धा मागितला नाही.

"वहिनी, आता निर्धास्त राहा," काका म्हणाले होते. "भाऊंना काही झालं तरी घर तुमचंच."

"शुभ बोला हो," आई म्हणाली, आणि त्यांना बडीशेप द्यायला उठली.

पॉलिसीचं पाकीट नंतर टपालाने आलं. वास्तुशांत होईपर्यंत घराचे कागद देवापुढे राहतात, अशी आमच्याकडे रीत आहे. आईने पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि ते न फोडता देव्हाऱ्यात ठेवलं. बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला, वास्तुशांत लांबली, आणि पॉलिसी नको असेल तर परत करण्याची मुदत देवापुढेच संपली. बँकेच्या पत्रात हा दुसरा मुद्दा होता. ग्राहकाने मुदतीत हरकत घेतली नाही.

मी शाखेत गेले. इंग्रजीत मी पानंच्या पानं लिहू शकते, पण काउंटरसमोर उभी राहिले की मला हिंदीही धड बोलता येत नाही. पाकीट का फोडलं नव्हतं ते मी मॅनेजरना कसंबसं सांगितलं. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बघून भुवया उंचावल्या.

"मैडम, पॉलिसी पढ़ने के लिए होती है, पूजने के लिए नहीं।"

शेजारचे हसले. मीही थोडं हसले, का ते माहीत नाही. बाहेर येऊन स्कूटीवर बसले आणि बराच वेळ किल्ली लावलीच नाही.

काकांची तोवर दुसऱ्या गावी बदली झाली होती. फोन करायला मला आठवडा लागला. त्यांनी पटकन ओळखलं.

"अगं, भाऊंचं वय जास्त होतं ना. मेडिकल लागली असती, हप्ता वाढला असता. म्हणून तुझं नाव टाकलं. चांगल्यासाठीच केलं मी."

"बाबांना सांगितलं होतं का, की त्यांचं नाव नाहीये?"

त्यांच्या मागे टीव्ही चालू होता.

"वहिनी कशा आहेत?" त्यांनी विचारलं. मग हळू आवाजात, "हे बघ बेटा, बँकेशी भांड तू, हक्क आहे तुझा. फक्त माझं नाव नको घालू. टार्गेट कसं असतं, तुला काय सांगू."

बँकेच्या उत्तराविरुद्ध बँकिंग लोकपालांकडे दाद मागता येते. तो अर्ज मी रविवारी दुपारी लिहिला. जे झालं ते तसंच लिहिलं, काकांच्या नावासकट. आईला मराठीत समजावून सांगताना माझे शब्द संपत होते, मी हिंदीत घुसत होते. मी काकांच्या नावाशी आले तसं आईने मला थांबवलं.

"त्याचं नाव काहून घातलं?"

"त्यांनीच विकलं ना, आई."

"आपल्या घरी जेवला आहे तो. मंडळात त्याच्या बायकोच्या मैत्रिणी आहेत साऱ्या. तू काय करून राहिली, समजते का तुला?"

"मग घर जाऊ देऊ?"

ती उठून आत गेली. मंडळ म्हणजे आईचं सगळं बाहेरचं जग होतं. माझं तसं काहीच नव्हतं, म्हणून मला हे सोपं जात होतं का, असा विचार तेव्हा मनात आला.

सुनावणी फोनवर झाली. बँकेचे अधिकारी म्हणाले की ग्राहकाला सगळं समजावलं होतं. मग लोकपालांच्या कार्यालयातून विचारलं गेलं, त्या वेळी घरात आणखी कोणी होतं का? मी आईकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला, जणू समोर कोणी बसलंय, आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"मैं थी," ती म्हणाली. "उन्होंने मुझसे कहा था, भाऊ को कुछ हुआ तो घर आपका। मेरे घर में बैठके कहा था। खाना खाके।"

निकाल अर्धाच आमच्या बाजूने लागला. कर्ज माफ झालं नाही. विमा चुकीची माहिती देऊन विकला हे मान्य झालं, आणि विम्यासाठी घेतलेले पैसे व्याजासह कर्जात वळते करायला बँकेला सांगितलं गेलं. हप्ता थोडा उतरला. आता तो माझ्या पगारात ओढाताण न होता बसतो. घर राहिलं.

संक्रांतीला आईने हळदीकुंकू ठरवलं, या घरातलं पहिलं. बाबा गेल्यावर तिला कुंकू लावायला कोणी पुढे येईल का, हे तिने मला विचारलं नाही, मीही तिला विचारलं नाही. वाटायला स्टीलच्या वाट्या आणल्या. मंडळाच्या ग्रुपवर मी निमंत्रण टाकलं. त्याखाली कोणी काही लिहिलं नाही.

समोरच्या आणि खालच्या फ्लॅटमधल्या दोघी आल्या. खालच्या आंटींना हळदीकुंकू ठाऊक नव्हतं, त्यांनी आधी आईलाच कुंकू लावलं. आई क्षणभर मागे सरली, मग तशीच उभी राहिली.

"आंटी जी, और लोग कब आएँगे?" समोरच्या फ्लॅटमधलीने आईला विचारलं.

"आते होंगे," आई म्हणाली, आणि मला चहाचं आधण ठेवायला सांगितलं. किती कप, ते मी विचारलं नाही. चार ठेवले.