नावाची गर्दी

प्रसूतिगृहात तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टरीणबाई म्हणत, पहारेकरी म्हणे, आणि वयानं तिच्याहून चांगली मोठी असलेली मुख्य नर्ससुद्धा म्हणे. तिला ते फार सोयीचं होतं. मावशी या हाकेला जगातल्या निम्म्या बायका ओ देतात. त्यातली एक शोधायची म्हटली तर शोधणाऱ्याच्या नाकी नऊ येतील. तिचं खरं नाव मात्र तसं नव्हतं. ते साऱ्या जगात तिचं एकटीचंच होतं, आणि म्हणूनच तिला त्याची धास्ती वाटे.

नाव बापानं घडवलेलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मुलगी झाली तेव्हा घरच्यांनी सुचवलेली सगळी नावं त्यानं झटक्यात उडवून लावली. "ही रंगवून रंगवून कंटाळलोय मी," म्हणाला, आणि ज्या अक्षरांवरून त्याचा कुंचला हौसेनं वळायचा तेवढीच निवडून त्यानं एक नाव जुळवलं. कुणी अर्थ विचारला की म्हणे, "अर्थ कसला? ही पोरगी आहे ना, हाच त्याचा अर्थ." शाळेत नवे गुरुजी हजेरी घेताना त्या नावापाशी अडखळायचे आणि मान वर करून बघायचे. तिला त्याचा केवढा तोरा होता!

लग्नानंतर नवराही आधी कौतुकच करायचा. "जगात असली एकच आहे, आणि ती माझ्याकडे आहे." पुढे त्याचा हात उठायला लागला, मग उठलेला हात खाली येऊ लागला. वाक्य तेच राहिलं, फक्त त्याला शेपूट फुटलं. "पळून जाशील कुठे? तुझं नाव नुसतं विचारायची खोटी, कुणीही तुला माझ्यापुढे आणून उभी करेल." ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला न विचारता ते वापरणारा एक माणूस तिच्या वाट्याला आला, तेवढा पुरे झाला.

शेवटी एक दिवस ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि बस बदलत बदलत या शहरात आली. मुख्य नर्सनं काम दिलं, दवाखान्यामागची एक खोली दिली. नाव बदलावं असं तिच्या कितीदा मनात आलं. पण कागद सगळे त्या नावाचे, आणि शिवाय बापानं दिलेली तेवढी एकच वस्तू तिच्याजवळ उरली होती. म्हणून ती नाव पोटात ठेवून जगायला लागली. झोपताना दाराला बादली लावायची आणि तिच्यावर ताट ठेवायची, म्हणजे कुणी दार ढकललं तर ताट वाजेल. रस्त्यानं भिंतीच्या कडेकडेनं चालायची. एकदा पगाराच्या दिवशी कारकुनानं तिला भर बोळात खणखणीत आवाजात नावानं पुकारलं, तर ती धुतलेल्या चादरींच्या खोलीत शिरली आणि गठ्ठ्यांच्या मागे अंग चोरून बसली. कारकून बापडा पैसे हातात घेऊन तिला सगळीकडे शोधत होता. "पुन्हा असं ओरडलात तर पगारच नको मला," असं तिनं त्याला बजावलं. वेडी आहे झालं, असं समजून त्यानं सोडून दिलं.

मग एका शिंपिणीला मुलगी झाली. मूल जन्मलं ते रडेचना. डॉक्टरीणबाईंची धावपळ चाललेली, तेवढ्यात मावशीनं पोरीची पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, आणि पोरगी असा काही टाहो फोडती झाली की बाहेर बसलेला बाप उठून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शिंपीण म्हणाली, "मावशी, नाव तुम्हीच सांगा. आमच्या घरात नावावरून महायुद्ध पेटलंय." आणि कसं कोण जाणे, तिच्या तोंडून स्वतःचंच नाव निघून गेलं. तिनं जीभ चावली. पण शिंपिणीनं ते दोनदा म्हणून पाहिलं, बाळाच्या कानाशी नेऊन एकदा म्हटलं.

"म्हणजे काय हो?"

"पहाटेचा पहिला उजेड," मावशीनं ठोकून दिलं.

चादरी बदलता बदलता तिच्या लक्षात आलं, की आता आपण दोघी झालो. दहा झालो तर? पन्नास झालो तर? एकटीला शोधणं सोपं. पन्नास जणींत कुणी काय शोधणार? तिला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. त्यानंतर ज्या बाळंतिणीला नाव सुचत नसेल तिच्या खाटेपाशी मावशी हटकून घुटमळू लागली. कुणाला अर्थ सांगितला, ऐन उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी राहतं ते पाणी. कुणाला सांगितलं, न मागता मिळालेली गोष्ट. एका प्राध्यापिकेला तर जुन्या ग्रंथातलं नाव आहे म्हणून सांगितलं, आणि कोणता ग्रंथ ते विचारायची त्या बाईला लाज वाटली.

पाचसहा वर्षांत नाव आसपासच्या गल्ल्यांत फोफावलं. जवळच्या बालवाडीत एकाच वर्गात चौघी झाल्या, तेव्हा बाईंनी कंटाळून त्यांना थोरली, धाकटी, चष्मेवाली आणि चावरी करून टाकलं. "हे नाव नाही, साथ आहे," असं त्या म्हणत. कुठल्यातरी मालिकेतून आलं असणार, असं लोकांनी परस्पर ठरवूनही टाकलं. संध्याकाळी गॅलऱ्यांतून आया त्या नावानं हाका मारत. सुरुवातीला प्रत्येक हाकेला मावशी दाराआड व्हायची. हळूहळू ते थांबलं. दाराला बादली मात्र अजून लागत होती.

आणि एका दुपारी ती साबण घ्यायला बालवाडीसमोरच्या वाण्याकडे गेली. नेहमीची गिऱ्हाईक म्हणून तो तिला मागे पोत्यांपर्यंत जाऊ द्यायचा. ती वड्या निवडत वाकली होती, तेवढ्यात पुढे कुणीतरी तिचं नाव घेऊन विचारलं, "या नावाची बाई राहते का हो इकडे?"

आवाज तिनं लगेच ओळखला, नवऱ्याचा होता. ती होती तिथेच पोत्याआड बसली.

वाणी मुळात थट्टेखोर. "कोणती देऊ? या रांगेत तीन आहेत, मागच्या गल्लीत मोजाव्या लागतील. पण बाई म्हणत असाल तर अवघड आहे. सगळ्यात थोरलीचे अजून दुधाचे दात पडतायत."

"चेष्टा करताय माझी?"

"चेष्टा कशाला? बालवाडी सुटेलच आता. हाक मारून बघा, चौघी धावत येतील."

तो बाहेर पडला. पोत्याआड मावशीला एकदम हसू आलं, आणि भीतीनं की आनंदानं ते तिचं तिलाच कळेना. जमलं होतं! नुसतं नाव विचारायची खोटी म्हणणाऱ्याच्या तोंडाला पानं पुसली गेली होती. दुकानाचं मागचं दार उघडं होतं. त्यातून बोळात, बोळातून बस थांब्यावर. एकदा केलं होतं तसं पुन्हा करायचं, एवढंच.

तेवढ्यात बालवाडीची घंटा झाली आणि रस्त्यातून तिच्या नावाची हाक आली. मारण्याआधी तो ज्या मऊ आवाजात बोलायचा, त्याच आवाजात. तिनं पोत्यांच्या फटीतून पाहिलं. फाटकाशी तीन-चार माना वळल्या होत्या, आणि शिंपिणीची मुलगी दप्तर सावरत सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली होती.

"मी. काय काम आहे?"

तो उकिडवा बसला. "छान नाव आहे. कुणी ठेवलं?"

"दवाखान्यातल्या मावशीनं. मी जन्मल्यावर रडतच नव्हते, तर तिनं मला रडवलं आणि मग नाव दिलं. आई नेहमी सांगते."

"कुठे असते ही मावशी?"

"तिथे. दाखवू?"

त्यानं हात पुढे केला आणि पोरीनं तो धरला.

गर्दी केली होती खरी, पण त्या गर्दीतल्या प्रत्येकीला तिचा पत्ता पाठ होता. आणि तो हात तिला चांगला माहीत होता. हवं ते मिळालं नाही की तो काय करतो, तेही माहीत होतं. मागचं दार उघडं होतं. ती निघून गेली असती तर दवाखान्यात त्याला कुणीच सापडलं नसतं, आणि त्याच्या हातात ही पोरगी असती.

तिला धीरबीर काही आला नव्हता. पाचावर धारण बसलेलीच होती, एक साबणाची वडी हातातच राहून गेली होती. तशीच ती दुकानाच्या पायरीवर आली आणि भर रस्त्यात, बेंबीच्या देठापासून, तिनं स्वतःच्या नावानं हाक मारली.

पोरगी नावाला वळली, तो आवाजाला वळला. पोरीनं हात सोडवून घेतला आणि धावत येऊन मावशीच्या कमरेला मिठी मारली.

"सापडलीस," तो म्हणाला, आणि त्यानं हळूच तिचं नाव घेतलं.

"काय?" पोरगी म्हणाली.

त्यानं पुन्हा घेतलं.

"अहो, काय म्हणताय? मी इथेच तर आहे!"

वाणी हसायला लागला होता, पण मावशीचा चेहरा पाहून तो काउंटरमागून बाहेर आला. बालवाडीच्या बाईंनी उरलेल्या मुलांना आत ओढून फाटक लावलं. शिंपीण मुलीला न्यायला आली होती, गळ्यात टेप तशीच. ती जागच्या जागी थांबली.

"माझी बायको आहे ही. कुणी मध्ये पडू नका. चल गं."

"मी येणार नाही," मावशी म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तो फक्त कमरेशी असलेल्या पोरीला ऐकू गेला.

"ती येणार नाही म्हणतेय!" पोरीनं सगळ्या रस्त्याला ऐकवलं.

वाणी एक पायरी खाली उतरला. नवऱ्यानं सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. "आता पत्ता कळलाय मला," असं म्हणून तो वळला, पण गेला नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

शिंपीण जवळ आली. "हे तुमचं नाव आहे?"

"हो."

"आणि तो पहाटेचा उजेड?"

"थाप मारली मी. अर्थबिर्थ काही नाही. पुष्कळ जणी झाल्या तर मी सापडणार नाही, म्हणून देत सुटले सगळ्यांना."

शिंपिणीनं ते नाव पोरीच्या प्रत्येक फ्रॉकवर रेशमानं काढलं होतं. तिनं ती अक्षरं तळहातानं झाकली. "म्हणजे माझ्या लेकीच्या आड लपलात तुम्ही."

शिंपिणीनं मुलीला उचललं आणि ती मागे न बघता घराकडे चालायला लागली. मावशी रस्त्यात एकटी उभी राहिली. दवाखान्याकडे जायचं तर त्या कोपऱ्यावरूनच जावं लागणार होतं, आणि तो अजून तिथेच होता.

शिंपिणीच्या दारातून नावाची हाक आली. मावशीनं मान खाली घातली. पोरगी पुन्हा बाहेर पळाली असेल. हाक पुन्हा आली, या वेळी जरा चिडून. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून पोरीनं डोकं बाहेर काढलं.

"अगं मावशी, मी केव्हाच आलेय घरात! आई तुला बोलावतेय!"