मोठ्या बाईंचे काळे दात

चित्रकार मास्तरांची श्रद्धा दोनच गोष्टींवर होती: शिशाचा सफेदा आणि ते स्वतः. चाळीस वर्षांपूर्वी गुरूंनी तेलरंगात हा पांढरा रंग वापरायला शिकवलं. तेवढ्या भांडवलावर मास्तर तेलात, डिंकात, म्हणाल तिथे तोच कालवायचे.

मुलींच्या शाळेला मोठ्या बाईंचं चित्र हवं होतं, जलरंगात, म्हणजे डिंकात कालवलेल्या रंगांत. ते वर्षभर टिकलं, तर आधीच्या अकरा मुख्याध्यापिकांच्या चित्रांची अख्खी भिंत मास्तरांना मिळणार होती. उतारवयात एवढं काम! मास्तर घरातल्या घरातही छाती काढून चालू लागले.

लेक रंगांच्या दुकानात नोकरीला, चित्रंही काढायची. तिनं समजावलं, "बाबा, डिंकात शिसं नको. तेल त्याच्यावर पांघरूण घालतं, डिंकात ते उघडं पडतं. जस्ताचा पांढरा घ्या, नाहीतर टायटॅनियम."

"जस्त पत्र्याला लावतात," मास्तर म्हणाले. "छप्पर करायचं झालं की विचारीन तुला."

आणि बाईंच्या चंदेरी केसांत, शुभ्र दातांत त्यांनी हात सैल सोडून शिसं भरलं. चित्र झकास उतरलं. बाई एरवी कधी हसत नसत. त्या चित्रात हसल्या, म्हणून सगळा स्टाफ बघून गेला. शिपायानं ते रिकामा खिळा पाहून टांगलं. खिळा होता रसायनाच्या प्रयोगशाळेबाहेर. आत दर आठवड्याला सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार व्हायचा, आणि त्या वायूचं शिशाशी हाडवैर.

सहामाहीपर्यंत बाईंचे केस तपकिरी झाले. ते बाईंना आवडलं असावं, कारण तक्रार आली नाही. मग दात काळे पडले. बाई मधल्या सुट्टीत कोळसा खातात, असं पाचवीतल्या मुली एकमेकींना खात्रीनं सांगू लागल्या.

मास्तरांना बोलावणं गेलं. आधाराला ते लेकीला घेऊन गेले. त्यांनी हवेला नावं ठेवली, खिळ्याला ठेवली, शिपायाच्या अकलेचा तर पंचनामाच केला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, मी जिवंत आहे म्हणून तुम्हाला बोलावू तरी शकले. त्या अकरा जणी कुठून येणार तक्रार करायला?"

मग त्यांनी लेकीला विचारलं, हे टाळता आलं असतं का. लेकीनं बापाकडे पाहिलं, आणि खरं काय ते सांगितलं. भिंत तिथल्या तिथे तिला मिळाली.

मास्तर चार दिवस रंगांच्या पेटीकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी लेकीनं पहिल्या मुख्याध्यापिकेसाठी कागद ताणला, तेव्हा गुपचूप येऊन डिंक भिजवू लागले.

"जस्त किती घेऊ?" त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं.

शेजाऱ्यांना मात्र त्यांनी सांगून ठेवलंय, की काम फार मोठं आहे, म्हणून पोरीला हाताखाली घेतलंय.