केशवराव आणि परक्यांचे पाय

केशवराव माझे शेजारी आहेत, हे मला चार वर्षांनी कळलं. त्यात दोष त्यांचा नाही, माझाच. नागपुरात सीताबर्डीवरच्या ज्या दुकानातून मी जोडे घ्यायचो, तिथे खाली मान घालून माझ्या पायात जोडा चढवणारा माणूस आणि नंदनवन वस्तीत माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस एकच आहे, हे जिल्हा परिषदेत तीस वर्षं मुरलेल्या माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. दुकानात मी जोड्याकडे पाहायचो, किमतीकडे पाहायचो, आरशात स्वतःच्याच पायांकडे पाहायचो. जोडा चढवणाऱ्याच्या तोंडाकडे कोण पाहतो? शेवटी एक दिवस लेस बांधता बांधता तेच म्हणाले, "भाऊ, तुमच्या अंगणातला नळ तीन दिवसांपासून गळून राहिला. वायसर बदलून घ्या."

मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी घासाघीस न करता जोडे घेतले.

तेव्हापासून आमची मैत्री. केशवराव मूळचे पारशिवनीकडचे. शेत भावांनी सांभाळलं, हे एकोणिसाव्या वर्षी नागपूरला आले आणि मनोहरराव शेठच्या दुकानात त्या बुटक्या, उतरत्या स्टुलावर बसले. त्याला आता अडतीस वर्षं झाली. शेठने पहिल्याच आठवड्यात त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. गिऱ्हाइकाचा पाय हातात असताना त्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही. चारचौघांत आपला उघडा पाय दुसऱ्याच्या हातात देताना माणूस ओशाळलेला असतो. मोज्याला भोक असतं, टाचेला भेगा असतात. आपण वर पाहिलं की तो पाय मागे घेतो. आणि दुसरी, दुकानातलं दुकानात. गिऱ्हाईक काय बोललं, कसं बोललं, ते शटरच्या बाहेर न्यायचं नाही. तिसरी गोष्ट केशवरावांनी स्वतःच्या मनाने जोडली होती. ते पायाला कधी नावं ठेवत नाहीत. तुमचा पाय फार रुंद आहे असं त्यांच्या तोंडून निघायचं नाही. "यानं जोडाच अरुंद बनवला, भाऊ. दुसरा दाखवतो," म्हणायचं आणि उठायचं.

आता इतकी वर्षं खाली पाहून माणसाचं काय होतं? केशवरावांचं असं झालं की त्यांना चेहरे लक्षात राहिनासे झाले आणि पाय विसरता येईनासे झाले. आम्ही थंडीत संध्याकाळी पायरीवर बसायचो. ते दोन्ही तळवे उलटे करून मांडीवर ठेवायचे, डोळे अर्धे मिटायचे, आणि सुरू करायचे, "भाऊ, आज एक पाय आला होता."

एकदा भिवापूरकडची एक म्हातारी आली होती. कौसल्याबाई. डॉक्टरांनी बंद जोडे घालायला सांगितले होते. जन्मात कधी घातले नव्हते. "पाय हातात घेतला अन् मले एकदम मिरचीचं वावर दिसलं, भाऊ. जिकडं तिकडं लाल. दुपार झाली होती. बाई वाकून तोडून राहिली होती, अन् मी बांधावर उभा. हवा अशी सुटली होती का विचारू नका." तेवढ्यात गल्ल्यावरून शेठने आवाज दिला, केशव, नंबर किती? आणि केशवरावांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "दुपार."

सगळं दुकान हसलं. शेठही हसले. केशवरावांना मात्र कळेना की यात हसण्यासारखं काय होतं, कारण त्या बाईच्या पायात खरंच दुपार होती. मी त्यांची खूप टिंगल केली. पण खरं सांगतो, त्या रात्री झोपताना मी माझे पाय निरखून पाहिले. त्यात केशवरावांना काय दिसत असेल? फायलींचे गठ्ठे आणि पंखा. मला वाईट वाटलं.

त्यांच्या सगळ्या स्वप्नांत मोठं एकच होतं. त्यांची मुलगी मिनल एका पॅथॉलॉजीत कामाला, सत्तावीस वर्षांची, बोलायला मोजकी. आपल्याकडे लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. केशवराव म्हणायचे, "अडतीस वर्षं परक्यायचे पाय हातात घेतले, भाऊ. एक डाव आपल्या मानसाचे घ्यायचे हायेत." मांडव कुठे असेल, तांब्याची परात कोणती, पाणी किती कोमट, हे सगळं त्यांचं ठरलेलं होतं. परातीतल्या पायांचा नंबर तेवढा माहीत नव्हता. कधी आठ म्हणायचे, कधी नऊ. बोलता बोलता दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे व्हायचे आणि ते तसेच बसून राहायचे. मग मीही गप्प बसायचो. शेजाऱ्याच्या स्वप्नात मध्येच बोलू नये.

डिसेंबरात उन्मेषचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत इंजिनियर, वडील कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, मनीषनगरात स्वतःचा फ्लॅट. मिनल त्याला दोनदा बाहेर भेटून आली होती आणि तिने "हो" म्हटलं होतं. आमच्या मिनलचं "हो" म्हणजे दगडावरची रेघ. केशवरावांना नुसता फोटो आला होता. त्यांनी तो जवळ धरून, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "चांगलाच असंल. पाय नाही दिसून राहिले पन."

पाहण्याच्या दिवशी मलाही बोलावलं. नवऱ्याकडच्यांशी राजकारण बोलायला कोणीतरी लागतं. दुपारचं ऊन खिडकीतून आत येऊन चटईवर पडलं होतं. केशवरावांच्या बायकोच्या, पुष्पलतावहिनींच्या आलूपोह्यांचा वास सगळ्या घरभर होता. उन्मेष दिसायला नीट, बोलायला गोड. वहिनींच्या पाया पडला, पोहे मागून घेतले, माझं राजकारणही ऐकून घेतलं. मिनल हसत होती, आणि तिला हसताना पाहून मलाच लग्न ठरल्यासारखं वाटलं. केशवराव दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांची नजर सवयीप्रमाणे खाली होती, उन्हात पसरलेल्या उन्मेषच्या अनवाणी पावलांवर. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. "पानी आनतो," म्हणून ते आत गेले. मला राहवेना, मी मागोमाग गेलो.

ते माठाला हात लावून उभे होते.

"हा पाय येऊन गेला हाय आपल्या दुकानात," ते हळूच म्हणाले. "डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढली हाय. साडेआठ नंबर. दिवाळीच्या आधी आला होता."

मग त्यांनी सांगितलं. दुकानात गर्दी होती. हा फोनवर बोलत बसला होता. बोलता बोलता पाय पुढे करायचा, जोडा आवडला नाही की पायानेच भिरकावायचा. चौथा का पाचवा जोडा केशवरावांच्या तोंडावर बसला. त्याने फोनवरचं हसणं थांबवलं नाही. चुटकी वाजवली आणि पाय पुन्हा पुढे केला.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मिनलला सांगा. नाहीतर मी सांगतो.

"नाही, भाऊ." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तवा तो गिऱ्हाईक होता. दुकानातलं दुकानात. मानूस फोनवर असला का त्याले ध्यान नाही राहत. त्यानं मले पाह्यलंच नाही, त मारलं कसं म्हनावं? अन् पोरगी पाहा नं तिकडं, किती खुश हाय."

मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मी तर चार वर्षं त्यांना पाहिलं नव्हतं. ते पाण्याचे पेले घेऊन बाहेर गेले आणि एकेकाला हातात देत राहिले. हसत होते, पण पुन्हा काही त्यांनी खाली पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे, पंख्याकडे, कुठेही पाहत होते. इतकी वर्षं मनात पाणी कोमट करून ठेवलेला माणूस, त्याने आता ते कसं ओतून द्यावं? मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली.

साडेचारला मंडळी उठली. बाकीचे फाटकाकडे गेले. उन्मेष दारातल्या खुर्चीवर बसला आणि तपकिरी लेसच्या जोड्यात पाय घालू लागला. जोडा नवा होता, टाच अडत होती. हे सगळं इतक्या पटकन झालं की मी नुसता पाहत राहिलो. केशवराव उकिडवे बसले, दोन बोटांनी लेस सैल केली, जोड्याची जीभ वर ओढली, टाचेमागे अंगठा लावला आणि अलगद पाय आत घेतला. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. अडचणीतला पाय दिसला की त्यांचे हात त्यांना विचारत नाहीत.

उन्मेषने खाली पाहिलं. समोर कोण बसलं आहे हे त्याने चांगलं पाहिलं. मला वाटलं, आता हा उठेल, हात धरून त्यांना उठवेल. उठला असता तर मी सगळं विसरलो असतो.

"वा, काका तर एकदम एक्स्पर्ट आहेत," तो हसून म्हणाला, आणि त्याने दुसरा पाय पुढे केला.

मिनल त्याला निरोप द्यायला दाराशी आली होती. ती येऊन वडिलांच्या शेजारी बसली, त्यांच्या हातातून दुसरा जोडा काढून घेतला आणि उन्मेषच्या समोर फरशीवर ठेवला.

"हा तुम्ही घाला," ती म्हणाली. "आणि घरी सांगून द्या, माझं 'नाही' आहे."

तो "अगं, मजाक होता" वगैरे म्हणाला. ती ऐकायला थांबली नाही. तिने वडिलांना दंडाला धरून उठवलं. फाटकाजवळ थोडी बोलाचाली झाली, मग गाडी निघून गेली. वहिनी आत जाऊन कपबशा धुऊ लागल्या.

केशवराव पायरीवर बसले. ऊन भिंतीवर चढलं होतं. मिनल शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "काहून केलं वं असं? माह्या हातून सवयीनं झालं. त्याचा काय दोष?"

"पहिला पाय सवयीनं झाला, बाबा. दुसरा त्यानं तुमच्याकडे पाहून दिला."

मग मात्र त्यांच्याने राहवलं नाही. त्यांनी दुकानातली ती गोष्ट सांगून टाकली, आणि पोहे खातानाच आपण त्याला ओळखलं होतं, हेही सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. लग्नाची गोष्ट, बापाने अशी लपवावी? मिनल त्यांच्याजवळ खालच्या पायरीवर बसली.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "जोड्याचं नाही. पण हॉटेलात वेटरशी कसा बोलला ते पाहिलं होतं. दोन्ही वेळा."

"मंग हो काहून म्हटलं वं?"

"तुम्ही इतकी वर्षं अशाच लोकांचं ऐकून घेता, अन् घरी येऊन कधी एक शब्द बोलत नाही. मी म्हटलं, तुम्हाले जमते तर मलेही जमेल."

केशवराव तिच्याकडे पाहत राहिले.

"मले त्याचा पगार भेटते, बेटा," ते म्हणाले. "तुले कोन देनार होतं?"